आधी नाव, मग छेद? प्रवाळाच्या जीवाश्माने पाहिलेला अंत

प्रवाळाचा जीवाश्म कापून पाहिल्याशिवाय त्याचं नाव सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट पटवता पटवता मी मेटाकुटीला आलो.

कार्बनिफेरस काळातल्या, म्हणजे सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकांत कुठले प्रवाळ कुठे सापडतात, याचा नकाशा मी करत होतो. एका संग्रहातले जुने नमुने पाहिले, मोजले, फोटो काढले. घोडं अडलं ते एका फांद्याफांद्यांच्या नमुन्यापाशी. सायफोनोडेंड्रॉन की डिफिफायलम? बाहेरून हे दोन्ही प्रवाळ म्हणजे पेन्सिलींचा जुडगाच. आडव्या छेदात मात्र सायफोनोडेंड्रॉनच्या नळीत मधोमध बारीक दांडा दिसतो. डिफिफायलममध्ये तो नसतो.

छेदाच्या परवानगीच्या अर्जात रकाना होता : 'नमुन्याचे निश्चित नाव'. मी लिहिलं, 'छेदानंतर ठरेल'. अर्ज परत. दोन्ही नावं लिहिली. पुन्हा परत, 'एकच नाव लिहावे'. मग समितीची बैठक पुढे गेली, ती पुढेच जात राहिली. फोन केला की तेच उत्तर, 'रकाना भरा.' अंदाजाने एक नाव ठोकून द्या, असंही सुचवून झालं. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. ते नाव नोंदवहीत चढतं, तिथून नकाशावर जातं आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी दूरदूरचे दोन थर एकाच काळाचे ठरवून मोकळं होतं. भूवैज्ञानिक आर्थर वॉन यांनी १९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या एव्हन घळईतल्या चुनखडकाचे विभाग पाडले, ते प्रवाळ आणि ब्रॅकिओपॉड (शिंपल्यांसारखे दिसणारे समुद्री प्राणी) यांच्यावरूनच. तिथे नाव चुकलं की सगळंच चुकलं. तो रकाना आठवला की आजही डोकं तापतं.

सुटका झाली ती ट्रेमधल्याच एका तुकड्यामुळे. त्याच नमुन्याचा, पूर्वी कुणीतरी करवतीने कापलेला. नवा छेद नकोच, या तुकड्यावरून अ‍ॅसिटेट पील, म्हणजे कापलेल्या बाजूचा पातळ प्लास्टिकच्या कागदावरचा ठसा, घेऊ द्या, म्हटलं. त्याला संग्रहपालांची सही पुरली.

कापलेली बाजू बारीक कार्बोरंडम पावडरीवर घासून गुळगुळीत केली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद धरली, धुऊन वाळवली. आता त्या बाजूला बोट लावायचं नाही. वर अ‍ॅसिटोन ओतून अ‍ॅसिटेटचा पातळ कागद एका कडेकडून टेकवत नेला. पूर्ण वाळल्यावर सोलला आणि भिंगाखाली धरला. नळीमागून नळी, प्रत्येकीत तो दांडा! सायफोनोडेंड्रॉन. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

आम्लाचा एक थेंब आधी कोपऱ्यावर टाकून बघा, हे सांगायचं राहिलं. जीवाश्माचं सिलिका झालं असेल तर आम्ल त्याला खातच नाही, मग अशी पील निघत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, अ‍ॅसिटोन पटकन पेटतं. जुन्या नोंदवह्यांत सायफोनोडेंड्रॉन शोधताना 'लिथोस्ट्रोशन' या नावाखालीही बघा. फांद्यांचे प्रवाळ पूर्वी त्यातच घालत. आणि पीलवर नमुन्याचा क्रमांक लिहून ती संग्रहातच ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला तो रकाना भरता येईल.