दोरीवरची सनावळी

दर शनिवारी सकाळी १० वाजता मी आमच्या गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत एक दोरी बांधते. एक टोक खिडकीच्या कडीला, दुसरं कपाटाच्या मुठीला. कपडे वाळत घालायची साधी नायलॉनची दोरी, पुण्याहून येताना चिमट्यांसकट आणलेली. तिच्यावर अमेरिकेचा इतिहास टांगायचा.

बॉस्टनजवळच्या या गावात मी गेली चार वर्षं नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी ज्येष्ठांचा वर्ग घेते. बारा-चौदा जण, सगळे साठीपुढचे. हैतीचे, ब्राझीलचे, चीनचे, एक गुजराती जोडपं आणि आपल्या साताऱ्याकडचे काका-काकू. बहुतेक जण मुलांच्या पाठोपाठ आले, नातवंडं मोठी केली, आणि आता इथलंच व्हायचं ठरवलंय. परीक्षा तोंडी असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांचा नवा संच आहे. त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. पासष्टी ओलांडलेल्या आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं काढलेल्यांना २० प्रश्नांची छोटी यादी असते, पण ती सवलत माझ्या वर्गात फार थोड्यांना लागू होते.

पहिल्या वर्षी मी छापील प्रश्नोत्तरं वाटली आणि घरून पाठ करून यायला सांगितलं. माणसं प्रामाणिक, रात्री जागून पाठ करायची. पण पुढच्या शनिवारी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं १७७६ विचारलं की घटनेचं १७८७ यायचं, आणि चुकलं की चेहरा पडायचा. उभं आयुष्य कष्ट करून संसार उभा केलेल्या माणसाचा चेहरा एका सनावरून पडलेला मला बघवत नसे.

वाट दाखवली ती काकूंनी. मी बॉस्टनच्या चहाबद्दल सांगत होते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री इथल्या लोकांनी तीन जहाजांवर चढून ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. काकू एकदम मराठीत म्हणाल्या, "अगं थांब. १७७३ म्हणजे नारायणरावाचा खून झाला ते साल ना? काका मला वाचवा?"

तेच साल. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, आणि साडेतीन महिन्यांनी इकडे चहा बुडाला. मी फळ्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या. काकूंनी त्या दिवसापासून १७७३ कधी चुकवलं नाही.

त्याच तासाला फुजियान प्रांतातल्या एका आजींनी विचारलं, चहा कुठला होता? आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं आसामचा. पण आसामात चहाचे मळे लागले ते १८३० नंतर. बॉस्टनला बुडाला तो सगळा चिनी चहा, आणि त्यातला बराचसा 'बोही' नावाचा. हे नाव आलंय फुजियानमधल्या वुई डोंगरावरून. आजींनी तो शब्द त्यांच्या बोलीत दोनदा म्हणून दाखवला, मग पर्समधून चहाची चिमूटभर काळी, पिळदार पानं काढून माझ्या तळहातावर ठेवली. धुरकट वास होता त्यांना.

पुढच्या शनिवारी मी दोरी घेऊन गेले. वरच्या बाजूला अमेरिकेच्या तारखांची पांढरी कार्डं, आणि खाली ज्याने त्याने आपल्या देशाचं रंगीत कार्ड लावायचं. १६३० ला बॉस्टन वसलं, त्याखाली काकूंनी भगव्या कार्डावर शिवनेरी लिहिलं. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला, आणि एप्रिलमध्ये इथून जवळच लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या. मला स्वतःला हे असं शेजारी-शेजारी कधी दिसलं नव्हतं.

१७७९ च्या कार्डाखाली काकांनी वडगाव लावलं. जानेवारीत मावळात मराठ्यांनी इंग्रजी फौज कोंडून तिला तह करायला लावला होता. तेवढ्यात मागे बसणारे हैतीचे आजोबा उठले. एरवी फारसं न बोलणारे. त्यांनी निळ्या कार्डावर 'सव्हाना' लिहिलं आणि तेही १७७९ खालीच अडकवलं. त्या शरद ऋतूत हैतीतून, म्हणजे तेव्हाच्या सँ-दोमँगमधून, पाचशेहून जास्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्वतंत्र सैनिक फ्रेंच आरमाराबरोबर जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरी येऊन इंग्रजांविरुद्ध, अमेरिकेच्या बाजूने लढले. शहराला घातलेला वेढा फसला, पण ते लढले. आज सव्हानामध्ये त्यांचं स्मारक आहे. परीक्षेच्या संचात याबद्दल एक अक्षर नाही. आजोबा सावकाश, एकेक इंग्रजी शब्द शोधत सांगत होते, आणि सगळा वर्ग चिडीचूप. शेवटी म्हणाले, "आम्ही इथे पाहुणे म्हणून नाही आलो. आधी येऊन गेलोय."

अमेरिकनांशी लढलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस, त्याच्यावर मी अख्खा एक तास घेतला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने हत्यारं खाली ठेवली, तो स्वतः आजारी असल्याचं सांगून आलाच नाही. पाच वर्षांत हाच माणूस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला, बंगालवर कायमधारा पद्धत लादली, आणि १८०५ मध्ये गाझीपूरला मेला. त्याची कबर तिथेच आहे. इथल्या पुस्तकात तो यॉर्कटाउनला संपतो, आपल्या पुस्तकात तो १७८६ ला सुरू होतो. काका म्हणाले, "म्हणजे इथे हरलेला आपल्या माथी मारला."

'युरोपियन येण्यापूर्वी इथे कोण राहत होतं?' हा प्रश्न सगळ्यांना सोपा जातो, कारण उत्तर दोनच शब्दांचं आहे: नेटिव्ह अमेरिकन्स. मला तो सोपा करून सोडवत नाही. मॅसॅच्युसेट्स हे नावच इथल्या मूळ लोकांचं. त्यांच्यातलीच वॅम्पनोआग जमातीची माणसं आजही केप कॉडवर मॅशपीला आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावर राहतात. काकूंनी विचारलं, "मग त्यांचं कार्ड कुठे लावायचं?" दोरी १६२० पासून सुरू होत होती. मी कपाटाच्या मुठीची गाठ सोडली आणि दोरी दाराच्या कडीपर्यंत नेली.

काकूंची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. वसाहतवाले इंग्रजांशी का लढले, हे विचारलं. त्यांनी कर सांगितला, घरात घुसवलेले शिपाई सांगितले, आणि अधिकाऱ्याने पुरे म्हणेपर्यंत सांगत राहिल्या. पास झाल्या. पुढच्या शनिवारी पावणेदहाला बघते तर काकू खोलीत हजर, चिमट्यांचा डबा मांडीवर.

"काकू, आता कशाला आलात?"

"अगं, १७८७ चं कार्ड राहिलंय ना अजून. घटना व्हायची आहे."