रोजच्या वापराचा खिशातला चाकू

घडीचा चाकू घ्यायचा म्हटले की चर्चा पोलादाच्या प्रतीपासून सुरू होते. माझ्या मते ती कामांपासून सुरू व्हावी. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी कापणे, सुतळी तोडणे, औषधाच्या पाकिटाचा कोपरा उडवणे, गाडीत पेरू चिरणे, एवढीच कामे शहरातल्या माणसाला पडतात आणि यांपैकी एकालाही सहा-सात सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही.

म्हणून मी पहिली शिफारस व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या, मिटल्यावर ५८ मिलिमीटर लांब असलेल्या छोट्या चाकूची करतो. पाते बोटापेक्षा लहान, सोबत नखांची कानस, चिमटा आणि कात्री. आणि खरे सांगायचे तर निम्मी कामे ती कात्रीच करते. फळे नियमित कापायची असतील, तर त्याच कंपनीचा ८४ किंवा ९१ मिलिमीटरचा चाकू हाताला अधिक बरा बसतो. या चाकूंचे मुख्य पाते मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, त्याला कुलूप, म्हणजे उघडे पाते जागीच अडकवून ठेवणारी कळ, नसते. अनेकांना ही उणीव वाटते, परंतु टोक खुपसून जोर लावायचा नाही आणि धारेच्या दिशेनेच कापायचे, एवढी शिस्त पाळली तर या कामांसाठी कुलपाची गरज भासत नाही. शिवाय कुलूप नसलेला चाकू कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचा ठरू शकतो: ब्रिटनमध्ये सबळ कारण न देता जवळ बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंत धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकूच. तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे आधीच जाणून घ्यावे.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा घडीचा चाकू मला मनापासून आवडतो. १८९० पासून चालत आलेली ही घडण अतिशय देखणी आहे. मात्र तिची लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि पाते सांध्यात घट्ट बसते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तो उघडणे कष्टाचे होते. त्याचे कार्बन पोलादाचे पाते कैरी किंवा लिंबू कापताच काळवंडते. आपल्या हवेत स्टेनलेस पातेच घ्यावे आणि फळ कापून झाल्यावर ते धुऊन कोरडे करूनच मिटावे.

आता कायद्याचे. शस्त्र नियम, २०१६ मधल्या शस्त्रांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. पण त्यावरून ‘९ इंचांच्या आत सारे चालते’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो घातक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत सुरे, काठ्या आणि इजा करण्यास वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येऊ शकते, आणि असे आदेश सणासुदीला किंवा निवडणुकांच्या काळात वरचेवर निघतात. त्या काळात चाकू घरीच ठेवावा. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर लांब व १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याच्या खटक्याच्या चाकूंवर निर्बंध आणले. खटक्याने उघडणारा चाकू मी कोणालाही सुचवणार नाही.

चाकू नजरेआड ठेवावा, याचा अर्थ तपासणीपासून लपवावा असा नाही. शेजारी बसलेल्या माणसाला दचकायला होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पट्ट्याला लटकणारी म्यान किंवा खिशाबाहेर डोकावणारी क्लिप नको. जीन्सच्या लहान खिशात, किंवा सॅकच्या आतल्या कप्प्यात पेन आणि चष्म्याच्या फडक्यासोबत तो राहावा. लोकांसमोर उघडताना दोन्ही हातांनी, सावकाश उघडावा, काम होताच मिटावा, आणि कोणी मागितला तर मिटलेलाच द्यावा. काळे पाते, दातेरी कड, लढाऊ थाटाची मूठ असले चाकू ऑनलाइन दुकानांत स्वस्तात मिळतात, पण त्यांनी पेरू कापतानाही समोरच्याला धास्ती वाटते. स्वसंरक्षणासाठी म्हणून चाकू बाळगायचा विचार असेल, तर तो मुळीच बाळगू नये. झटापटीत तो आपल्याच अंगावर उलटू शकतो आणि ‘कशासाठी जवळ ठेवला?’ या पोलिसांच्या प्रश्नालाही तेच उत्तर सर्वांत वाईट ठरते.

विमानप्रवासात तो चेक-इनच्या सामानातच जायला हवा. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला छोटा चाकू नेमका याच वेळी विसरला जातो, म्हणून तो जुडग्यात न ठेवता वेगळाच ठेवावा. मेट्रो, न्यायालय किंवा मोठ्या मंदिरात जायचे असेल त्या दिवशी तो बरोबर घेऊच नये.