१८ की ८०?

एका शेतकरी कुटुंबाच्या पिण्याच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल हातात आला तेव्हा नायट्रेटच्या रकान्यात १८ लिहिले होते, लिटरला मिलिग्रॅममध्ये. शेरा होता ‘समाधानकारक’. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे, म्हणजे शेरा वरवर बरोबरच. पण विहिरीला लागूनच मक्याचे शेत होते आणि हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे साधारण २६० किलो युरिया, पेरणीलाच एकदम दिलेला होता. वर पाटाने भरपूर पाणी. एवढ्यावर १८ हा आकडा पटेना.

प्रयोगशाळेत विचारल्यावर उलगडा झाला. त्यांनी मोजले होते ते नायट्रेटमधले नुसते नत्र. ५० ची मर्यादा आहे ती अख्ख्या नायट्रेटची. वजनाने नायट्रेटच्या ६२ भागांत नत्र १४ भाग, म्हणून ४.४३ ने गुणायचे. १८ चे झाले ८०. नत्राच्या मापात मर्यादा ११.३ एवढीच येते. कोणते माप वापरले हे अहवालावर न लिहिणे ही मी किरकोळ चूक मानत नाही. नायट्रेटचा धोका तान्ह्यांना सगळ्यात जास्त. त्या घरात तान्हे मूल असते, तर त्याचे दूध याच पाण्यात कालवले गेले असते. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते.

मग गिरमिटाने माती काढली, ३० सेंटिमीटरच्या तीन थरांत, शेतात दहा ठिकाणी. ही ओली माती पिशवीत बांधून उन्हात ठेवली की सगळे वाया जाते, कारण जिवाणू पिशवीतही नायट्रेट तयार करत राहतात. नमुने लगेच बर्फाच्या पेटीत गेले आणि दुसऱ्या दिवशी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून गाळले. नायट्रेट-नत्र निघाले वरच्या थरात किलोला ९ मिलिग्रॅम, मधल्यात १४ आणि ६० ते ९० सेंटिमीटरला २६. मका तेव्हा वीतभर होता. त्याची मुळे तिथवर पोचलीच नव्हती.

युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो विरघळला की पाण्याबरोबर खाली सरकतो. काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो आणि चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. उबदार, ओल्या जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियमचे नायट्रेट होते आणि ती पकड सुटते, कारण नायट्रेट ऋणभारित आणि मातीचे कणही ऋणभारितच. मक्याची नत्राची खरी भूक गुडघाभर उंचीपासून तुरा येईपर्यंत असते. ती लागेपर्यंत बरेचसे जेवण मुळांच्या खाली गेलेले असते.

शेणखत टाकले म्हणजे पाणी सुरक्षित, हे शेतीखात्यातले लोकही बिनदिक्कत सांगतात. इथे उकिरडा विहिरीच्या काठालाच होता. शेणखतातल्या नत्राचेही शेवटी नायट्रेटच होते. ढीग उताराच्या खालच्या बाजूला आणि विहिरीपासून लांब हलवायला सांगितले. प्यायला दुसऱ्या विहिरीचे पाणी, तेही तपासूनच.

पुढच्या पिकासाठी खताचा हिशेब मांडताना सगळ्यात मोठी गोष्ट हाती लागली. एका हेक्टरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १ लाख लिटर. त्यात १८ मिलिग्रॅमने १.८ किलो नत्र. ८ सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या की ७२ किलो नत्र विहिरीतूनच पिकाला जाते, म्हणजे १५६ किलो युरिया! त्यातले काही उशिरा मिळते, काही पुन्हा झिरपते, म्हणून निम्मेच धरले. १२० मधून ३६ वजा, उरले ८४: पेरणीला २१, गुडघाभर उंचीला ४२, तुऱ्याआधी २१. युरिया ओळीच्या बाजूला ५ सेंटिमीटर खोल झाकायचा, नाहीतर अमोनिया हवेत उडतो. त्यावर हलके पाणी आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबायचे.

निम्मे धरणे बरोबर होते का, याचा विचार अजून चालूच आहे. कणसे भरताना खालची पाने पिवळी पडली तर कपात जास्त झाली. कापणीनंतर खालच्या थरात पुन्हा २६ निघाले तर कमी पडली. त्या दिवसापासून जुने पाणी-अहवाल बाहेर काढून प्रत्येकावर माप शोधतो आहे. ज्यांवर लिहिलेले नाही, त्या विहिरींचे पाणी पुन्हा तपासायला जाते आहे.