तुम्ही विचारलंत म्हणून: केस परत यायला काय लावलं?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. कुणाच्या आईची शेवटची किमो नुकतीच झालेली असते, कुणाच्या बहिणीची संपत आलेली असते, तर कुणी स्वतःच डोक्याला स्कार्फ बांधून समोर बसलेलं असतं. आधी माझ्या तब्येतीची चौकशी होते. मग नजर हळूच वर सरकते आणि जरा चाचरत विचारलं जातं, "तुमचे केस किती छान आलेत हो. काय लावत होतात?"

काही नाही. केस उगवावेत म्हणून मी डोक्याला काहीही लावलं नाही. हे सांगितलं की समोरचा चेहरा पडतो. काहींना तर वाटतं, मी हातचं राखून सांगतेय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

किमोची औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशीही नेमक्या तशाच. डोक्यावरच्या दर दहा केसांतले आठ-नऊ कोणत्याही वेळी वाढीच्या टप्प्यात असतात. म्हणून पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस गळायला लागले की पुंजक्यांनी हातात येतात. पण केस ज्या बारीक नळीतून वर येतो, त्या नळीत थोडं वरच्या अंगाला स्टेम सेल्सचा, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचा, एक साठा असतो. त्या फार सावकाश विभागतात, त्यामुळे बहुतेक वेळा औषधाच्या तावडीतून सुटतात. औषध थांबलं की त्याच पुन्हा कामाला लागतात आणि नवा केस घडवतात. त्यांना कुणी बाहेरून चोळून जागं करावं लागत नाही.

साधारणपणे शेवटच्या डोसनंतर तीन ते सहा आठवड्यांत लव दिसू लागते. पुढे महिन्याला एक सेंटीमीटर, किंवा किंचित जास्त. हा हिशोब मी मुद्दाम सांगते, कारण सहा महिने झाले तरी केस बांधता येत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेल्या बायका मला भेटल्या आहेत. सहा महिन्यांत सहा-सात सेंटीमीटरच येणार. खांद्यापर्यंत पोचायला दोन वर्षं तरी धरा.

माझी पहिली लव मला आरशात दिसलीच नाही. खिडकीकडे पाठ करून उभी होते तेव्हा घरातल्यांना दिसली: राखाडी, विरळ, जावळासारखी मऊ, आणि फक्त उजेड मागून आला तरच कळेल इतकी पुसट. त्याआधी आठवडाभर डोकं खाजत होतं. मानेच्या वर, जिथे उशी घासते तिथे, बारीक लाल पुळ्या आल्या होत्या. केस त्वचेतून वर येताना असं होतं, कधी एखादा केस आतल्या आत वळतो आणि तिथे फोड येतो. नखं लावायची नाहीत, एवढंच पथ्य. पुळ्या पसरल्या, दुखायला लागल्या किंवा पू धरला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण किमोनंतर काही काळ पांढऱ्या पेशी कमी असू शकतात आणि साधा संसर्गही महागात पडतो. ताप असेल तर वाट पाहायचीच नाही.

या काळात खरी काळजी केसांची घ्यायची नसते, त्वचेची घ्यायची असते. बिनवासाचा सौम्य शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, कोमट पाणी, बोटांच्या टोकांनी हलकेच, आणि टॉवेलने खसाखसा न पुसता नुसतं टिपून घ्यायचं. डोकं कोरडं पडून पापुद्रे निघत असतील तर साधं मॉइश्चरायझर पुरतं. उन्हात टोपी हवीच, आणि टोपी नसेल तर सनस्क्रीन, कारण वर्षानुवर्षं केसांखाली झाकलेल्या त्या त्वचेला उन्हाची अजिबात सवय नसते. उशीला मी सॅटिनचा अभ्रा घातला होता. त्याने केस वाढले नाहीत, पण ओढले जायचे थांबले.

आता सल्ल्यांकडे येऊ. सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला: "एकदा गोटा करून टाक, दाट येतील." पहिली लव पाहून तर हा सल्ला हमखास मिळतो. वस्तरा फक्त त्वचेच्या वरचा, मेलेला भाग कापतो. वर काय कापलं गेलं याची खाली मुळाला खबरही नसते. नैसर्गिक केस टोकाला निमुळता असतो, कापलेल्याचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो आणि दाट झाल्याचा भास होतो. केस कुठे दाट, कुठे विरळ येत असतील आणि ते तुम्हाला बघवत नसेल तर जरूर एकसारखे करा, पण ट्रिमरने. वस्तऱ्याने त्वचा कापली गेली तर त्या वेळी ते निस्तरायला शरीराकडे पांढऱ्या पेशींची पुरेशी शिबंदी नसते.

तेलाशी माझं वैर नाही. तेलाने केसांचं घर्षण कमी होतं, आणि खोबरेल तेल तर धुताना केसातून निघून जाणारी प्रथिनंही काही प्रमाणात वाचवतं. पण त्यासाठी आधी केस हवेत! दीड इंच झाल्यावर हलका हात फिरवायला हरकत नाही. झोंबणारे रस, लेप, "रक्तपुरवठा वाढवणारं" रगडून मालिश, हे सगळं नाजूक त्वचेला छळणं आहे. डोकं लाल झालं म्हणजे औषध लागू पडलं, हा समज कुठून आला कोण जाणे.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल जरा थांबून सांगते. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ज्यांना त्याची कमतरता नाही त्यांना केसांसाठी त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. ते एक वेळ सोडा. मोठ्या डोसमधलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या चुकवतं. थायरॉईडचे आकडे भलतेच दिसू शकतात. हार्ट अटॅक ओळखायला करतात ती ट्रोपोनिनची तपासणी तर खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्यासारख्यांचं रक्त सारखं तपासलं जातं. तेव्हा घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. विचारून घेतलेलं उत्तम.

मिनॉक्सिडिल हे एकच औषध असं आहे की ज्याबद्दल "अगदीच काही नाही" असं मी म्हणणार नाही. किमोच्या वेळी केस गळणं ते थांबवत नाही, पण नंतर केस थोडे लवकर यायला मदत करू शकतं. ते मुळात रक्तदाबाचं औषध. हल्ली केसांसाठी त्याच्या कमी डोसच्या गोळ्याही देतात. किमोच्या काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो, त्यामुळे ही गोळी कुणाचं ऐकून सुरू करायची नाही. डोक्याला लावायचं द्रावण असलं तरी आधी विचारा.

माझे केस आधी काठीसारखे सरळ होते. आले ते कुरळे, आणि कानामागे तर चक्क वेटोळी. असं पुष्कळांचं होतं. बहुतेकांचे केस वर्ष-दीड वर्षात मूळ वळणावर येतात, काहींचे नाही येत. रंगाचंही तसंच: केसाला रंग देणाऱ्या पेशींनाही औषधाचा फटका बसलेला असतो, म्हणून पहिले केस पांढरे किंवा राखाडी येतात आणि मागून काळे उगवू शकतात. मला ते कुरळे केस आवडायला लागले होते. सरळ व्हायला लागले तेव्हा वाईट वाटलं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. केस आलेत ना, मग आणखी काय हवं, असंच सगळ्यांना वाटतं.

रंग लावायची घाई सगळ्यांनाच असते. उपचार संपल्यावर साधारण सहा महिने थांबायला सांगतात, आणि डोक्याची त्वचा पूर्ण शांत झालेली हवी. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी भयंकर असू शकते, आणि आधी वर्षानुवर्षं डाय लावत होतात म्हणून आता चालेलच असं नाही. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस बघा. "काळी मेंदी" म्हणून जे विकतात त्यातही अनेकदा हेच असतं. शुद्ध मेंदीचा रंग काळा नसतो. केस सरळ करायच्या कित्येक "केराटिन" ट्रीटमेंटमध्ये तर गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेलं आहे. इतकं सगळं सोसून बाहेर पडल्यावर त्या खुर्चीत जाऊन बसायची माझी तरी तयारी नाही.

भुवया आणि पापण्यांबद्दल कुणी विचारत नाही. मला मात्र डोक्यापेक्षा त्यांचाच त्रास जास्त झाला. कपाळाचा घाम सरळ डोळ्यांत उतरतो, वारा सुटला की धूळ. त्या बऱ्याचदा उशिरा जातात, अगदी किमो संपल्यानंतरही, आणि येतात लवकर. त्यांचं वाढीचं चक्र छोटं असल्याने काही महिन्यांनी त्यातल्या पुष्कळशा एकदम गळूही शकतात. तेव्हा घाबरून रात्र जागवू नका. पुन्हा येतात.

आणि केस आलेच नाहीत तर? हे सांगायला कुणालाच आवडत नाही, पण सांगायला हवं. काही औषधांनंतर, विशेषतः डोसिटॅक्सेलनंतर, थोड्या जणांचे केस कायमचे विरळ राहतात. रेडिएशन डोक्यालाच दिलं असेल तर त्या भागातले केस उशिरा येतात, डोस मोठा असेल तर येतही नाहीत. आणि किमोनंतर ज्यांना वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या असतात, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, त्यांचे केस त्या गोळ्यांनीही पातळ होतात. अशा वेळी गुपचूप गोळी बंद करणाऱ्या बायका असतात, हे मला ठाऊक आहे. करू नका. ती गोळी आजार परत येऊ नये म्हणून आहे. केसांची तक्रार तेवढ्याच ठामपणे डॉक्टरांपुढे मांडा. सहा महिन्यांनंतरही टाळू दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉईड, लोह, ड जीवनसत्त्व बघून घ्या, कारण यातलं काही कमी-जास्त असेल तर त्यावर निश्चित इलाज आहे. "जीव वाचला ना, केसांचं काय एवढं" असं म्हणणारा भेटला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

राहता राहिली ती मधली लांबी. धड छोटे नाहीत, धड बांधता येत नाहीत. मागचे केस मानेवर वळतात, कानावरचे बाहेर फुटतात, आणि माथ्यावरचे मात्र जागचे हलत नाहीत. लोक "हा कट तुला शोभतो" म्हणतात आणि तुम्ही "हो का" म्हणता. केस कापल्याने भरभर वाढत नाहीत, तरीही या टप्प्यावर एकदा कापून घ्याच, आकारासाठी. जिथे जाल तिथे आधीच सांगा की उपचारानंतरचे केस आहेत, ड्रायर नको, ओढून विंचरायचं नाही. मागचे आणि कानावरचे कमी करायला सांगा, माथ्यावरच्यांना हातही लावू देऊ नका. दोन-तीन वेळा असंच करत राहिलं की वरचे केस खालच्यांना गाठतात. क्लिपा, घट्ट रबर आणि एक्स्टेन्शन्स तोवर दूरच ठेवा.