मुलांच्या विणकामाला परीक्षा नको, पण पारखणारं कोणी हवं

क्रोशाच्या क्लासला मुलांना सोडायला येणाऱ्या आया एक प्रश्न हमखास विचारतात, काकू याची परीक्षा असते का हो? प्रश्न बरोबरच आहे, कारण चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमिजिएट आहे, गाण्या-तबल्याला गांधर्वच्या परीक्षा आहेत, बुद्धिबळाला रेटिंग आहे, आणि विणकामाला आपल्याकडे असं काहीच नाही. पोरगं महिना-दोन महिने खपून एक पिशवी विणतं, आजी कौतुक करते, फॅमिली ग्रुपवर फोटो जातो, त्याला अंगठे येतात आणि संपलं. ती पिशवी हातात घेऊन, उलटी करून, हे छान जमलंय आणि इथे हे राहिलंय असं सांगणारं घराबाहेरचं माणूस त्या मुलाला भेटतच नाही. मला विचाराल तर परीक्षा नसली तरी चालेल, पण असं माणूस भेटायलाच हवं, आणि ते कसं भेटवायचं हे मी अमेरिकेतल्या एका काउंटी फेअरमध्ये, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या जत्रेत, बघून आले.

माझी भाची विस्कॉन्सिनमध्ये असते, मॅडिसनपासून थोडं बाहेर, आजूबाजूला सगळी मक्याची शेतं आणि डेअऱ्या. तिची मुलगी तिथल्या फोर-एच क्लबात जाते. फोर-एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, आणि खूण हिरवं चार पानांचं क्लोव्हर. याची सुरुवात १९०२ मध्ये ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळेच्या सुपरिंटेंडेंटनी शेतकऱ्यांच्या मुलांचा क्लब काढून केली असं मानतात, पुढे १९१४ च्या कायद्याने सगळं कृषी विद्यापीठांच्या विस्तार खात्याला जोडलं गेलं. म्हणजे आपल्या राहुरीच्या विद्यापीठाने गावोगावच्या मुलांचे क्लब चालवावेत, आणि त्यात वासरू सांभाळण्यापासून रॉकेट बनवण्यापर्यंत आणि स्वैपाकापासून विणकामापर्यंत मुलाला जे आवडेल ते वर्षभर करायचं आणि उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत नेऊन मांडायचं, असा साधारण प्रकार.

जत्रा खरीच जत्रा असते. गाई, डुकरं, कोंबड्या, पाळणे, तळलेलं चीज, आणि एका मोठ्या हॉलमध्ये लोणची, जॅम, गोधड्या, भाज्या आणि मुलांनी विणलेल्या वस्तू. आपल्याकडे पुण्यात भीमथडी जत्रेत वस्तू विकायला असतात आणि मोशीच्या किसान प्रदर्शनात अवजारं-बियाणी, त्यामुळे थेट तुलना होत नाही, पण एम्प्रेस गार्डनच्या फ्लॉवर शोमध्ये घरी कुंडीत वाढवलेला गुलाब लोक जपून आणून स्पर्धेला ठेवतात ना, तसंच, फक्त गुलाबाच्या जागी टोपी आणि मफलर.

आधी फेअर बुक, म्हणजे जत्रेतल्या स्पर्धांच्या गटांचं आणि नियमांचं पुस्तक निघतं. त्यात विणकामाचा वेगळा विभाग, दोन सुयांचं वेगळं, क्रोशाचं वेगळं, त्यात पहिल्या वर्षाची मुलं वेगळी, मोठी वेगळी, मग टोपी, मफलर, पिशवी, खेळणं, पांघरूण असे गट. वस्तू त्याच वर्षात आणि स्वतःच केलेली हवी. सोबत एक कार्ड जोडायचं आणि त्यावर कुठला धागा, कुठल्या नंबरची सुई, कुठला पॅटर्न ते लिहायचं. बारीकसारीक नियम प्रत्येक काउंटीचे आपापले असतात म्हणून पुस्तक नीट वाचायचंच. अगदी लहान, पहिली-दुसरीतली मुलं असतात त्यांना नंबरबिंबर नाही, सगळ्यांना सारखी रिबन, त्यांच्याशी नुसतं बोलतात.

जत्रेच्या तयारीसाठी जमेल तसं व्हिडिओ कॉलवर भाचीच्या मुलीचं आणि माझं काम चालायचं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, मी इकडे कर्वेनगरात कुकर लावून बसायचे आणि ती तिकडे दूध पीत. क्रोशाची पिशवी आणि दोन सुयांवरची टोपी असं तिनेच ठरवलं होतं. पॅटर्न अमेरिकन आणि मी शिकले जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांवरून, तिकडचा डबल क्रोशे तो इकडचा ट्रेबल, त्यामुळे गोंधळ नको म्हणून मी तिला टाके सरळ मराठी नावांनीच, साखळी, मुका खांब आणि खांब असे शिकवले आणि तीही मराठीतच मोजायला लागली.

तिची अडचण तीच होती जी माझ्या इथल्या प्रत्येक नव्या मुलाची असते. पिशवीचा चौकोन वर जाता जाता निमुळता होत चालला होता. खांबांच्या ओळीत कडेला आलं की तीन साखळ्या घालून काम वळवतो, त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परत येताना ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायचा असतो आणि मुलांना तिथे टाका दिसतच नाही, ती आधीच्या खांबावर थांबतात, दर ओळीला एक खांब कमी होत जातो. ओरडून काही होत नाही याला. वळताना तिसऱ्या साखळीत एक सेफ्टीपिन अडकवायची, परत आलं की पिन जिथे आहे तिथे शेवटचा खांब, पिन काढायची, पुढे लावायची. चार-पाच ओळींत डोळ्याला सवय होते आणि मग पिन लागत नाही. तिने सगळं उसवून पुन्हा घातलं, आणि मुलाला सरळ कड एकदा स्वतःच्या हाताखाली तयार होताना दिसली ना की तो जो चेहरा होतो त्यासाठी मी हा क्लास चालवते.

मग परीक्षण. मी तेव्हा तिथेच होते म्हणून डोळ्यांनी बघता आलं. एक लांब टेबल, पलीकडे परीक्षक बाई, अलीकडे खुर्ची, मुलाने आपली वस्तू घेऊन समोर बसायचं. समोरासमोर! आईवडील मागे, बोलायचं नाही. बाईंनी पिशवी हातात घेतली आणि पहिली गोष्ट काय केली तर ती उलटी केली. धाग्याची टोकं कुठे ओवली आहेत, गाठी मारल्यात का, जोड कसा दिलाय ते सगळं आतून बघितलं, मग पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला. मग प्रश्न, हा धागा का घेतलास, सगळ्यात अवघड काय गेलं, परत केलीस तर काय बदलशील. आमची नात इतक्या स्पष्टपणे बोलत होती, कड तिरकी जायची ते तिने स्वतःच सांगितलं, पिनची युक्तीही सांगितली. टोपी बघताना बाईंनी खालची कड ताणली आणि म्हणाल्या टाके फार घट्ट घातलेस, डोक्यावर आवळत असेल ना, काय करता येईल. ती विचार करून म्हणाली मोठ्या सुईवर टाके घालीन आणि मग लहान सुई घेईन. उत्तर बरोबर होतं. बाईंनी ते कागदावर लिहून दिलं, पिशवीला निळी रिबन, टोपीला लाल.

याला ते डॅनिश पद्धत म्हणतात आणि मला हीच सगळ्यात पटली. मुलांची आपापसात तुलना नाही. चांगली टोपी कशी असावी याची एक ठरलेली अपेक्षा, ती पूर्ण केली की निळी, थोडी कसर राहिली तर लाल, बरंच शिकायचं असेल तर पांढरी, काही ठिकाणी चौथी गुलाबीही असते. दहा मुलांच्या टोप्या चांगल्या असतील तर दहाही जणांना निळी, आणि एकाचीही नसेल तर कोणालाच नाही, त्यामुळे शेजारचीचं काम बिघडावं असं कोणाला वाटायचं कारणच उरत नाही, उलट रांगेत थांबलेली मुलं एकमेकींना सुया नि धागे दाखवत बसली होती. लाल रिबन मिळालेल्या नातीला कोणी हरलीस म्हणालं नाही आणि तिलाही तसं वाटलं नाही, घरी येऊन तिने मोठ्या सुईवर टाके घालून बघितले.

आता आपल्याकडचं. सोसायटीच्या गणपतीत हस्तकला स्पर्धा असते, तुमच्याकडेही असेल. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडलेल्या, परीक्षक लांबून चालत जातात, संध्याकाळी स्टेजवर पहिला दुसरा तिसरा, मग उत्तेजनार्थ. पिशवी उघडून बघितलेली मी क्वचितच पाहिली आहे. नंबर न आलेल्या मुलाला का नाही आला ते कळत नाही, आणि आलेल्याला का आला ते पण कळत नाही, हे मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून गेल्या गणपतीत आम्ही विणकामापुरता वेगळा प्रयोग केला. क्लबहाउसमधलं एक टेबल, दोन खुर्च्या, आणि परीक्षक म्हणून बिल्डिंगमधल्याच दोन आजी, एकीने आयुष्यभर बाळंतविड्याचे स्वेटर-टोपडी विणलेत आणि दुसरीचे क्रोशाचे रुमाल आणि तोरणं बघत राहावीत अशी आहेत. दोघींना आधी बसवून काय बघायचं ते ठरवलं. वीण सगळीकडे सारखी आहे का, कड सरळ आहे का, टोकं आत ओवलीत का की नुसती कापलीत, जोड बाहेरून दिसतो का, वस्तू ज्या कामाची आहे त्या कामाला धागा बरोबर आहे का, स्वच्छ आहे का. खेळणं असेल तर वीण इतकी घट्ट हवी की आतला कापूस दिसता कामा नये. एका आजींचं म्हणणं पडलं की मुलांना चुका कशाला सांगायच्या, हिरमुसतील बिचारी. दुसऱ्या आजी म्हणाल्या, अहो, आधी जमलेलं सांगू, मग मुलालाच विचारू काय बदलशील, म्हणजे चूक तोच सांगेल. आणि तसंच झालं. एका सातवीतल्या मुलाने मोठ्या मेहनतीने बाजाराची पिशवी केली होती, आजींनी त्यात क्लबहाउसमधलीच पाण्याची भरलेली बाटली ठेवली आणि उचलली तर पट्टा हातभर लांबला. तोच पटकन म्हणाला, आजी हा आडवा विणलाय, लांबीच्या दिशेने मुके खांब घालून केला असता तर कमी ताणला असता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

काही पालकांना नंबर हवेच होते, त्यांनी विचारलंही, पहिला कोण मग. मी स्पष्ट सांगितलं की पहिला कोणी नाही, मुलाला मिळालेलं कार्ड वाचा. त्यावर आजींच्या अक्षरात तीन ओळी होत्या आणि बऱ्याच घरांत ते कार्ड आता फ्रिजवर लावलंय.

तयारी करणाऱ्यांसाठी पुण्यातल्या हवेचं आणि बाजाराचं थोडं. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत लोकर घ्यायला गेलात तर लागेल तेवढी एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्याच्या लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या, नंबर वेगळा असेल तर दुकानात सारखा वाटलेला रंग घरी उन्हात वेगळा दिसतो आणि टोपीवर पट्टा उमटतो. लेबल फेकू नका, कार्डाला जोडायला लागतं. सुरुवातीला दहा सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा चौकोन विणून, धुवून, वाळवून मग टाके मोजा, मुलांना याचा कंटाळा येतो पण टोपी डोक्याला बसणार की नाही ते इथेच ठरतं. मुलांनी स्वेटरच करायला हवा असं नाही, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सोडल्या तर तो कपाटातच असतो, सुती धाग्याची पिशवी, पाऊच, तोरण, पाण्याच्या बाटलीची झोळी अशा रोज वापरात येणाऱ्या वस्तू घ्या.

शेवटचं फिनिशिंग मात्र घाईत करू नका. टोकं बोथट सुईने निदान दोन इंच आत ओवा आणि एकदा दिशा बदला, म्हणजे धुतल्यावर बाहेर येत नाहीत. सुती काम ओलं करून टॉवेलवर टाचण्यांनी हवं त्या आकारात ताणून वाळवायचं, तोरणाला किंवा रुमालाला हलकी खळ, पण श्रावण-भाद्रपदात पुण्यात काही लवकर वाळत नाही, पंख्याखाली दोन दिवस धरूनच चाला, आदल्या रात्री ओलं केलंत तर सकाळी दमट वास येतो. आपल्याकडची बरीचशी लोकर अॅक्रिलिक असते, तिच्यावर गरम इस्त्री टेकवलीत तर वीण कायमची चपटी आणि चकचकीत होते, परत येत नाही, इस्त्री वरच धरून नुसती वाफ द्या.

यंदा आम्ही दोन गट करतोय, पहिल्यांदा विणणारे आणि आधी केलेले, आणि दुसरीपर्यंतच्या मुलांना फक्त गप्पा नि सगळ्यांना एकसारखी रिबन. शेजारच्या सोसायटीतल्या मुलांनाही बोलावलंय. ज्यांचं काम अर्धवट राहील त्यांनीही सुईसकट आणायचं आहे, आजी तिथेच बसून पुढच्या ओळी दाखवणार आहेत.