डायलिसिसची वारी

कोरोना महामारीच्या काळातली ही गोष्ट. महामारी असली तरी डायलिसिस टाळता येत नव्हते. म्हणून एके दिवशी भर पावसात आईला घेऊन डिचोलीहून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. कदंबच्या सरकारी बसऐवजी ओळखीची टॅक्सी ठरवली, आईला मागच्या आसनावर चालकापासून तिरके बसवले आणि समोरासमोरच्या दोन काचा चार बोटे खाली ठेवल्या. कारण बंद गाडीत श्वासातले सूक्ष्म कण साचून राहतात, तर वाहत्या हवेत ते विरत जातात. आईचा पदर ओला झाला, पण मास्क तिने नाकाखाली येऊ दिला नाही. चालकानेही न सांगता एसी बंद ठेवला, याबद्दल त्याचे मनापासून आभार. आपल्या गावातून कोणी डायलिसिसला जात असेल, तर अवश्य कळवावे. या चालकाचा क्रमांक देईन.