दुसरी रेघ

मार्चमध्ये पाळी चुकली, रात्री घामाने उशी भिजायला लागली, म्हणून एफएसएचचं, म्हणजे पाळी कायमची थांबायच्या सुमारास वाढणारं हार्मोन घरीच लघवीतून तपासायचं किट मागवलं. वय ४७. सकाळच्या पहिल्या लघवीचे तीन थेंब टाकले. दुसरी रेघ पहिलीइतकीच गडद, म्हणजे एफएसएच २५ च्या वर. बाथरूममधल्या स्टुलावर बसून मी रडले. आठवड्याने पुन्हा चाचणी केली, तर रेघ फिकट! मग पाळीही आली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, या वयात हा आकडा सारखा वरखाली होतो. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती म्हणायची." थायरॉइड मात्र तपासायला लावला, घाम, धडधड त्यानेही होते.

किटच्या खोक्यावर हे ठळक का छापत नाहीत? फार राग आला मला. आता कालनिर्णयवर लाल पेनाने तारखा लिहिते, घामाच्या रात्रीसुद्धा.